लग्न केलं की मन ठीक होतं का? भावनिक बुद्धिमत्ता, लग्न आणि मानसिक आरोग्य यांच्याबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ३४, लग्न झालेलं नाही, गेले पाच-सहा महिने कशात मन लागत नाही, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, ऑफिसात साध्या साध्या चुका होतायत. घरच्यांचं म्हणणं, लग्न कर, सगळं आपोआप ठीक होईल. त्यात तुम्ही कुठेतरी वाचलं की लग्न झालेल्यांची भावनिक बुद्धिमत्ता जास्त असते आणि मानसिक आरोग्यही चांगलं असतं, आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे म्हणून लग्नही नाही आणि मनही ठिकाणावर नाही. शेवटी विचारलंय की उद्या लग्न करायचं ठरवलंच तर समोरच्याची भावनिक समज ओळखायची कशी.

मी गेली २२ वर्षं काउन्सेलिंग करते, निम्म्याहून जास्त काम जोडप्यांबरोबर, बाकीचं एकेकट्या माणसांबरोबर, त्यात अविवाहित, घटस्फोटित, जोडीदार गेलेले असे सगळेच येतात. त्यामुळे आधीच सांगून टाकते, लग्न हे डिप्रेशनचं औषध नाही, आणि लग्न झालेलं नसणं हा भावनिक बुद्धिमत्ता कमी असल्याचा पुरावा तर मुळीच नाही. आता हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये, कारणं सांगते.

लग्न झालेल्यांची मानसिक तब्येत सरासरीने बरी असते हे आकडे खोटे नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली आत्महत्यांचा अभ्यास छापला तेव्हापासून हे दिसत आलंय, विवाहितांमध्ये आत्महत्येचं प्रमाण कमी, डिप्रेशन कमी. पण या सरासरीच्या आत काय भरलंय ते बघा. एक तर ‘लग्न झालेलं नाही’ या खान्यात पुष्कळदा कधीच लग्न न केलेले, घटस्फोट झालेले, वेगळे राहणारे आणि जोडीदार गेलेले सगळे एकत्र टाकतात. परवा जोडीदार गेलेल्या माणसाचं दुःख आणि स्वतःच्या मर्जीने एकटं राहणाऱ्या माणसाचं आयुष्य एकाच सरासरीत घातल्यावर त्यातून कोणाबद्दल काय कळणार? दुसरं म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न. जर्मनीत २४ हजारांहून जास्त लोकांना १५ वर्षं दरवर्षी विचारत गेले, त्यावरचा अभ्यास २००३ साली आला, त्यात दिसलं की लग्नाच्या आसपास समाधान थोडं वाढतं आणि मग सरासरीने माणूस आपल्या आधीच्याच पातळीला परत येतो. आणि जे लग्न करून टिकले ते लग्नाच्या आधीपासूनच जरा जास्त समाधानी होते. म्हणजे मन बरं होतं म्हणून लग्न झालं आणि टिकलं, हीसुद्धा बाजू आहे, आणि ती कोणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे कसलं लग्न. २००८ साली ज्युलिॲन होल्ट-लन्स्टॅड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विवाहित आणि अविवाहित लोकांचं २४ तासांचं ब्लड प्रेशर मोजलं. सुखी लग्नातल्यांचं चांगलं होतं, पण दुःखी लग्नातल्यांपेक्षा एकट्या राहणाऱ्यांचं प्रेशर चांगलं निघालं. डिप्रेशनचंही तसंच, मार्क व्हिस्मन यांच्या अभ्यासात नात्यात नाखूश असलेल्यांना पुढच्या वर्षभरात मोठं डिप्रेशन येण्याची शक्यता खूश असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट दिसली. आणि आनंदाचं असलं तरी लग्न हा बदल मोठाच असतो हेही लक्षात घ्या, होम्स आणि राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या घटनांच्या ताणाला गुण दिले त्यात जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, आणि चक्क लग्नाला ५०. आधीच वाकलेल्या माणसाच्या पाठीवर हे ५० ठेवायचे का हा विचार घरच्यांनीही करायला हवा, त्यांचा हेतू चांगला आहे हे मान्य करूनच म्हणतेय.

आता भावनिक बुद्धिमत्ता. हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो डॅनियल गोलमन यांच्या १९९५ सालच्या पुस्तकामुळे, पण कल्पना नीट मांडली ती पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली. त्यांनी पुढे तिचे चार भाग केले, भावना ओळखणं (स्वतःची आणि दुसऱ्याची), विचार करताना भावनेचा उपयोग करून घेणं, भावना कशातून येते आणि कशात बदलते हे समजणं, आणि भावना हाताळणं. यात कुठेही ‘गोड बोलणं’ नाही, ‘कधी न चिडणं’ नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा समज असतो की जो शांत तो भावनिकदृष्ट्या हुशार, तो समज किती चुकीचा ते पुढे सांगते.

मोजायच्या पद्धती दोन आहेत. एकात माणूस स्वतःच स्वतःबद्दल फॉर्म भरतो, ‘मला माझ्या भावना कळतात’ वगैरे वाक्यांना गुण देतो. दुसऱ्यात परीक्षेसारखे प्रश्न असतात, चेहरा दाखवून भावना ओळखायला सांगतात, प्रसंग देऊन काय केलं तर मन सावरेल ते विचारतात. मानसिक आरोग्याशी भावनिक बुद्धिमत्तेचा संबंध दोन्हींत दिसतो, पण फॉर्मवाल्या टेस्टमध्ये बराच जास्त दिसतो, आणि त्यातला काही भाग असा आहे की डिप्रेशनमधला माणूस स्वतःला प्रत्येकच गोष्टीत कमी गुण देतो! म्हणून ऑनलाइन ईक्यू टेस्ट (भावनिक बुद्धिमत्तेला गुण देणारी) सध्या देऊ नका, आणि दिली असेल तर तो स्कोर विसरून जा. तो तुमच्या आजच्या मनःस्थितीचा स्कोर आहे, तुमच्या समजेचा नाही. विवाहित-अविवाहितांच्या तुलनेचं म्हणाल तर काही अभ्यासांत फरक सापडतो, काहींत सापडत नाही, आणि जिथे सापडतो तिथे वय हा घोळ असतोच, कारण विवाहित गट सहसा वयाने मोठा असतो आणि भावना सांभाळणं माणसाला वयाबरोबर थोडं जमत जातं.

मग या तिघांचा संबंध नक्की कुठे लागतो? माझ्या मते तो लागतो रोजच्या खटक्यांमध्ये. एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक जोडपं, लग्नाला ११ वर्षं. ती बोलत होती, आवाज चढलेला, डोळ्यांत पाणी, आणि तो खुर्चीत मागे टेकून खिडकीकडे बघत बसलेला. मध्येच मला म्हणाला, ‘बघितलंत ना मॅडम, मी शांतच असतो, हिलाच सगळ्याचा त्रास होतो.’ मी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर टेबलावर ठेवलेलं असतं, ते त्याच्या बोटाला लावलं. नाडीचा आकडा होता ११२. बसल्या जागी, एक शब्द न बोलता. तिने तो आकडा बघितला आणि बोलायची थांबली, आणि त्यानेही बघितला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो घड्याळाचा पट्टा दाबत होता तो दाबायचा थांबला. मग जरा वेळाने म्हणाला, ‘मला खरंच कळत नव्हतं.’ मला त्याचं खरं वाटलं.

जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञांनी वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना लॅबमध्ये बसवून वर्षानुवर्षं हेच बघितलं. भांडताना नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण आत शिरत नाही, डोकं फक्त वार करायचा की पळायचं एवढंच बघतं, आणि काही माणसं, त्यात पुरुष जास्त, अशा वेळी भिंतीसारखी गप्प होतात. बाहेरून ती शांतता दिसते, आतमध्ये पूर आलेला असतो. त्यांनी एकदा जोडप्यांना मध्येच थांबवलं, मशीन नीट करायचंय असं सांगून अर्धा तास मासिकं चाळायला दिली, आणि परत बोलायला बसवल्यावर तीच माणसं वेगळी बोलली. या जोडप्याला मी तेवढंच शिकवलं, आकडा १०० च्या वर वाटला की ‘मला वीस मिनिटं दे, मी परत येतो’ एवढं बोलून उठायचं, आणि परत यायचंच. परत येण्याचं वचन नसेल तर उठून जाणं हे समोरच्याला सोडून जाण्यासारखंच लागतं, हे तिच्याकडून त्याने पहिल्यांदा नीट ऐकलं.

घरातल्या या वातावरणाचा परिणाम फक्त मूडवर होत नाही. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी २००५ साली ४२ जोडप्यांच्या हातावर छोट्या जखमा करून त्या किती दिवसांत भरतात ते मोजलं. ज्या जोडप्यांच्या बोलण्यात वैरभाव जास्त त्यांच्या जखमा भरायचा वेग बाकीच्यांच्या साधारण ६० टक्केच निघाला. उलट बाजूही आहे, २००६ सालच्या एका प्रयोगात १६ विवाहित बायकांना मेंदूच्या एमआरआय मशीनमध्ये झोपवून हलका शॉक बसणार असं सांगितलं तेव्हा नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली, आणि ज्यांचं नातं जास्त चांगलं त्यांची जास्त कमी झाली. म्हणजे चांगलं नातं मनाला खरोखर आधार देतं, हे मी नाकारतच नाही. नुसत्या लग्नाने मात्र तो आधार मिळत नाही.

आणि तो आधार मिळायला लागते भावना ओळखण्याची सवय, जिची सुरुवात शब्दांपासून होते. आपल्या भाषेत यासाठी केवढे शब्द आहेत आणि आपण सगळ्याला ‘राग’ किंवा ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं. वैताग बहुतेक वेळा थकव्यातून येतो, आराम मिळाला की उतरतो. त्रागा म्हणजे आपलं कोणी ऐकतच नाही म्हणून स्वतःलाच त्रास करून घेणं, त्याच्या तळाशी हतबलता असते. संतापाच्या मागे अन्याय झाल्याची भावना. आणि रुसवा? रुसव्यात राग थोडा आणि वाट बघणं जास्त, समोरच्याने जवळ यावं, विचारावं, मनधरणी करावी. एक बाई माझ्याकडे सहा सेशन ‘मला त्याचा राग येतो’ एवढंच सांगत होत्या, सातव्या सेशनला शब्दांची यादी समोर ठेवली तर त्यांनी बोट ठेवलं रुसव्यावर, आणि म्हणाल्या, ‘मी रुसते, आणि त्याला वाटतं मी भांडतेय.’ नवरा शेजारीच बसला होता, तो म्हणाला, ‘भांडतेस असं वाटतं म्हणून तर मी लांब जातो, रुसलीस हे कळलं असतं तर जवळच आलो असतो ना.’ सात सेशनचं काम त्या एका शब्दाने केलं. यामागे मेंदूचंही कारण आहे, मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ साली दाखवलं की भावनेने भरलेला चेहरा बघताना त्या भावनेला नाव दिलं की अमिग्डलाची, म्हणजे मेंदूतल्या धोक्याच्या घंटेची, हालचाल कमी होते.

पण लग्न कधीकधी भावनिक समजेची कमतरता झाकूनही ठेवतं, आणि हे मी खूप वेळा बघितलंय. एक गृहस्थ, वय ६८, पत्नी जाऊन तीन महिने झालेले. छातीत जड वाटतं म्हणून सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत, डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. मी विचारलं, काय वाटतं तुम्हाला? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘मला काय होतंय ते तीच सांगायची.’ ४१ वर्षं! तुम्ही आज चिडलेले आहात, तुम्हाला मुलाची काळजी लागलीय, तुम्ही थकलात, हे सगळं त्या सांगायच्या आणि यांना ते पटायचं. भावना ओळखायचं काम दोघांचं एकच माणूस करत होतं. कागदावर बघाल तर विवाहित, सुखी, मानसिक तक्रार काही नाही, आणि ती व्यक्ती गेल्यावर यांच्याकडे स्वतःच्या दुःखाला नावसुद्धा नव्हतं. स्वतःच्या भावनेला शब्दच न सापडणं याला ॲलेक्झिथायमिया म्हणतात, हा शब्द पीटर सिफ्निऑस यांनी १९७० च्या दशकात रूढ केला, आणि डिप्रेशनशी त्याचा संबंध वारंवार दिसलाय. आम्ही ‘जड’ या एका शब्दापासून सुरू केलं. त्यांना ‘पोकळी’ हा शब्द सापडायला पाच आठवडे लागले आणि तो सापडला त्या दिवशी ते पहिल्यांदा रडले.

याच्या उलट, कधीच लग्न न केलेल्या आणि मनाने भक्कम असलेल्या कितीतरी जणी मला माहीत आहेत. त्यांच्याकडे एक गोष्ट सारखी दिसते, वाईट दिवशी कोणाला फोन करायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्या तो करतात.

अजून एक बाब, थोडक्यात पण ठासून. जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, पैशावरून किंवा बाहेर जाण्यावरून कोंडी आहे, तिथे ‘भावनिक बुद्धिमत्ता वाढव, समजून घे’ हा सल्ला घातक आहे. तिथे आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. आणि भावना ओळखण्याची हुशारी दुसऱ्याला झुलवायलाही वापरता येते, समोरच्याचं दुखरं ठिकाण अचूक कळणारी आणि तिथेच बोट ठेवणारी माणसं असतात.

आता तुमच्याबद्दल. पहाटेची जाग, कशात रस न वाटणं, लक्ष न लागणं, आणि हे पाच-सहा महिने, तर हे ‘एकटेपणा’ म्हणून सोडून द्यायचं नाही. डिप्रेशनच्या निदानाला दोन आठवड्यांची लक्षणं पुरतात, तुमचे महिने झालेत. सायकियाट्रिस्टला भेटा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या कारण थकवा आणि उदासी तिथूनही येते. गोळ्या दिल्या तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आठव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून मनाने बंद करू नका. बरोबर थेरपी सुरू करा. आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल किंवा हेल्पलाइन, आणि जवळच्या एका माणसाला सांगायचं. लग्नाचा निर्णय सध्या बाजूला ठेवा. घरच्यांना ‘नाही’ म्हणू नका हवं तर, ‘आधी उपचार, सहा महिन्यांनी बोलू’ असं तारखेसकट सांगा, तारीख दिली की घरचे सहसा जरा दम खातात.

भावनिक समज वाढते का, तर हो, वाढते. २००९ साली बेल्जियममध्ये एका गटाला अडीच-अडीच तासांची चार सेशन दिली आणि सहा महिन्यांनंतरही काही कौशल्यांमधला फरक टिकून होता. तुम्ही एवढंच करा, रोज रात्री दोन ओळी, आज कोणत्या क्षणी मन हललं आणि त्या भावनेचं नेमकं नाव काय, ‘वाईट वाटलं’ हे नाव चालणार नाही. ज्या दिवशी काहीच सापडत नाही त्या दिवशी अंगात कुठे काय जाणवलं ते लिहा, गळा, पोट, खांदे. ही वही थेरपिस्टकडे घेऊन जा.

आणि शेवटचा प्रश्न, समोरचा माणूस ओळखायचा कसा. छान छान गप्पांमध्ये काही कळत नाही. साध्या गोष्टीला ‘नाही, मला हे नको’ म्हणून बघा आणि त्याचा चेहरा बघा. ठरलेली भेट तुम्हाला रद्द करावी लागली तर तो पुढच्या वेळी कसा बोलतो ते बघा. त्याची चूक झाली तर ‘सॉरी’च्या पुढे ‘पण’ येतो का ऐका. जुन्या भांडणाबद्दल विचारा, मित्राशी, भावाशी झालेलं कुठलंही, आणि त्या गोष्टीत समोरच्या माणसाला काय वाटलं असेल हे त्याला सांगता येतं का ते बघा. तुमच्या उपचारांबद्दल मात्र लपवू नका, होकार देण्याच्या आधी सांगा, दिवसाउजेडी, घाई नसताना. ऐकल्यावर तो लगेच उपाय सांगायला लागतो, विषय बदलतो, की ‘मग तेव्हा तुला कसं व्हायचं?’ असं काही विचारतो? त्याचं पहिलं वाक्य जसंच्या तसं त्याच वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याने परत वाचा.